पॉलिहाऊसमधील सेन्सरचा संदेश अडला तर... क्रमवार तपासणी

देहू, तळेगाव आणि मावळ पट्ट्यातील गुलाब व जरबेराच्या पॉलिहाऊसमध्ये आता स्वयंचलित ठिबक आणि फर्टिगेशन यंत्रणा दिसू लागली आहे. मातीतील ओलावा, विद्युत वाहकता (ईसी), तापमान व आर्द्रता मोजणारे सेन्सर बेडवर असतात. त्यांचे आकडे पाहून कंट्रोलर व्हॉल्व्ह उघडतो व बंद करतो. एखाद्या दिवशी स्क्रीनवर आकडा येत नाही किंवा सकाळचाच आकडा दुपारपर्यंत तसाच राहतो. अशा वेळी ‘सेन्सर खराब झाला’ असे समजून नवीन सेन्सर मागविला जातो. तो बसविल्यावरही अडचण कायम राहते, कारण दोष अनेकदा सेन्सरमध्ये नसून तारेत, जोडणीत किंवा पत्त्यात असतो. साध्या मल्टीमीटरने आणि ठरावीक क्रमाने तपासणी केल्यास यातील बरेच दोष शेतावरच सापडतात.

दुर्लक्ष केल्यास काय होते?

संदेश अडला तरी यंत्रणा नेहमीच बंद पडत नाही, हा यातील खरा धोका आहे. अनेक कंट्रोलर शेवटचा मिळालेला आकडा धरून काम चालू ठेवतात.

- शेवटचा आकडा ‘कोरडे’ असा असेल तर पाणी पुन्हा पुन्हा सुटते. बेडमधील वाफसा जातो, मुळांना हवा मिळत नाही. जरबेरामध्ये मूळकूज व खोडकूज होण्यास असे वातावरण पोषक ठरते. खतही मुळांच्या खाली वाहून जाते.
- शेवटचा आकडा ‘ओले’ असा असेल तर पाणी सुटतच नाही. एप्रिल-मे महिन्यांत पॉलिहाऊसमध्ये एक दुपारही रोपांना जड जाते.
- व्हॅलेंटाइन डेच्या बाजारासाठी मावळातील गुलाबाची काढणी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात असते. त्याआधीच्या आठवड्यांत पाण्याचा ताण पडल्यास दांड्याची लांबी व कळीचा आकार घटतो. वर्षातील महत्त्वाच्या तोडणीचा दर त्यावर ठरतो.

म्हणूनच ही तपासणी तंत्रज्ञाची वाट न पाहता स्वतःला करता यावी. देहूतून पालखी प्रस्थान असते त्या दिवसांत वाहतूक वळविलेली असते. तेव्हा बाहेरचा माणूस लवकर पोहोचणे अवघड असते, आणि पावसामुळे जोडण्या बिघडण्याचा काळही तोच असतो.

‘बस’ म्हणजे काय?

एका लॅटरलवर जसे अनेक ड्रीपर असतात, तसे एकाच दोन तारांच्या जोडीवर अनेक सेन्सर जोडलेले असतात. या सामायिक वाटेला ‘बस’ म्हणतात. शेतीतील सेन्सरमध्ये सर्वाधिक आढळणारी पद्धत म्हणजे ‘आरएस-४८५’ तारा आणि त्यावरील ‘मॉडबस’ भाषा. मॉडबस १९७९ मध्ये कारखान्यांतील यंत्रांसाठी तयार झाली, तर आरएस-४८५ हे मानक १९८३ मध्ये आले. दोन्ही जुनी असली तरी साधी व टिकाऊ असल्याने आजही वापरात आहेत.

मॉडबसचे काम शाळेतील हजेरीसारखे चालते. कंट्रोलर (त्यातील मायक्रोकंट्रोलर) एकेका सेन्सरचा क्रमांक पुकारतो. ज्याचा क्रमांक असेल तोच उत्तर देतो, बाकीचे गप्प राहतात. कोणताही सेन्सर विचारल्याशिवाय बोलत नाही. प्रत्येक संदेशाच्या शेवटी एक तपासणी आकडा असतो. वाटेत एखादे अक्षर बदलले तर हा आकडा जुळत नाही आणि तो संदेश टाकून दिला जातो.

आरएस-४८५ मध्ये ‘ए’ आणि ‘बी’ या दोन तारांमधील व्होल्टेजचा फरक वाचला जातो. तारा एकमेकींवर पिळलेल्या असल्याने बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्हींवर जवळजवळ सारखाच येतो आणि फरक तसाच राहतो. त्यामुळे कमी वेगाला ही बस सुमारे १,२०० मीटरपर्यंत चालू शकते. दहा गुंठ्यांच्या पॉलिहाऊसमध्ये अंतर एवढे नसतेच. त्यामुळे ‘लांबी जास्त झाली’ हे कारण शेवटी धरावे, आधी जोडण्या पाहाव्यात.

लक्षणावरून दोषाचा अंदाज

तपासणीला सुरुवात करण्यापूर्वी खालीलपैकी कोणते लक्षण आहे ते लिहून घ्यावे.

- सर्व सेन्सर एकदम गप्प : वीजपुरवठा नाही, कंट्रोलरजवळील जोडणी सुटली आहे, ‘ए’ व ‘बी’ तारा एकमेकींना चिकटल्या आहेत किंवा कंट्रोलरमधील संदेश पाठविणारी चिप खराब आहे.
- ठरावीक सेन्सरपासून पुढचे सर्व गप्प : समजा पाच सेन्सर ओळीने आहेत. १, २, ३ उत्तर देतात, ४ व ५ देत नाहीत. दोष ३ व ४ यांच्यामधील तारेत किंवा जोडणीत शोधावा.
- मधलाच एक गप्प : त्या सेन्सरची जोडणी, पत्ता किंवा तो सेन्सर तपासावा.
- कधी उत्तर येते, कधी नाही : सैल स्क्रू, ओलावा शिरलेली जोडणी, दोन सेन्सरचा एकच पत्ता किंवा कमी व्होल्टेज.
- मोटर सुरू होताच संदेश बंद : मोटरची केबल व सेन्सरची केबल एकाच पाइपमधून गेली आहे किंवा मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली येते.
- नवीन सेन्सर जोडल्यापासून सर्व बिघडले : नवीन सेन्सरचा पत्ता जुन्यापैकी एकाशी जुळत आहे किंवा त्याच्या तारा उलट आहेत.

तपासणीचा क्रम

*सूचना :* पंपाच्या थ्री-फेज पॅनेलमध्ये हात घालू नये. खालील सर्व तपासण्या सेन्सरच्या कमी व्होल्टेजच्या बाजूच्या आहेत. तपासणीआधी व्हॉल्व्ह व मोटर ‘मॅन्युअल’वर घ्यावी.

पायरी १. वीजपुरवठा

सेन्सरवर किंवा त्याच्या माहितीपत्रकावर आवश्यक व्होल्टेज लिहिलेले असते. कंट्रोलरजवळ नव्हे, तर सर्वात शेवटच्या सेन्सरजवळ आणि सर्व सेन्सर जोडलेले असताना व्होल्टेज मोजावे. बारीक तारेत व्होल्टेज गळते. उदाहरणार्थ, ०.५ चौरस मि.मी. तांब्याची तार १०० मीटर अंतरावर नेल्यास जाऊन-येऊन रोध सुमारे ७ ओहम होतो. त्या टोकाला पाच सेन्सर मिळून पाव अँपिअर प्रवाह घेत असतील, तर सुमारे पावणेदोन व्होल्ट वाटेतच जातात. १२ व्होल्टच्या यंत्रणेत हे चालून जाते. ५ व्होल्टच्या यंत्रणेत मात्र शेवटच्या सेन्सरला सव्वातीन व्होल्टच मिळतात आणि तो गप्प बसतो.

पायरी २. जोडण्या

पॉलिहाऊसमध्ये फॉगरमुळे दमटपणा असतो. भुरी रोगासाठी गंधकाचा वापर होतो. गंधक व दमटपणा मिळून तांब्याची तार काळी पडते. बाहेरून जोडणी घट्ट दिसली तरी आत संपर्क राहत नाही.

- प्रत्येक जोडणी पेटी उघडून काळी, हिरवी पडलेली टोके कापावीत, तार नव्याने सोलून लग लावून घट्ट बसवावी.
- तारा नुसत्या पिळून चिकटपट्टी लावलेली जोडणी ठेवू नये.
- केबल पेटीत खालच्या बाजूने घ्यावी. वरून घेतल्यास थेंब केबलवरून आत उतरतात.
- उंदरांनी कुरतडलेला भाग, बेड तयार करताना खुरप्याचा किंवा फावड्याचा लागलेला घाव पाहावा.

पायरी ३. ‘ए’ व ‘बी’ची अदलाबदल

सर्व उत्पादक ही अक्षरे एकाच अर्थाने वापरत नाहीत. एकाचा ‘ए’ दुसऱ्याचा ‘बी’ असू शकतो. सेन्सर गप्प असेल तर फक्त या दोन तारांची अदलाबदल करून पाहावी. त्याने नुकसान होत नाही. मात्र वीजपुरवठ्याची तार चुकून ‘ए’ किंवा ‘बी’ला लागू देऊ नये. या टोकांची नेहमीची सहनशक्ती उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट एवढीच आहे. २४ व्होल्ट लागल्यास सेन्सर आणि कंट्रोलर दोन्हींतील चिप जळू शकते. तारांच्या रंगावर विसंबू नये, प्रत्येक वेळी माहितीपत्रक पाहावे.

पायरी ४. रोध मोजणे

पूर्ण यंत्रणा बंद करावी. मल्टीमीटर ओहमवर ठेवून कंट्रोलरजवळ ‘ए’ व ‘बी’ यांच्यामध्ये मोजावे. बसच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोधक असणे अपेक्षित आहे. आकड्याचा अर्थ असा :

- सुमारे ६० : दोन्ही टोकांचे रोधक जागेवर आहेत, तार सलग आहे.
- सुमारे १२० : एक रोधक नाही किंवा मध्ये तार तुटली आहे.
- सुमारे ४० : तीन रोधक आहेत. काही कंट्रोलरमध्ये व सेन्सरमध्ये तो आतच असतो, म्हणून जास्तीचा काढावा.
- शून्याच्या जवळ : दोन्ही तारा कोठेतरी चिकटल्या आहेत.
- हजारो ओहम : एकही रोधक नाही.

कमी वेगाला आणि ५०–१०० मीटर अंतरात रोधक नसतानाही यंत्रणा चालते. त्यामुळे रोधक नाही एवढ्यावरून दोष सापडला असे समजू नये. पण कालपर्यंत ६० असलेला आकडा आज १२० आला, तर तार तुटल्याची ती स्पष्ट खूण आहे. म्हणूनच यंत्रणा चांगली चालू असतानाचा आकडा नोंदवहीत लिहून ठेवावा.

पायरी ५. निम्मे-निम्मे करून शोधणे

दोष सापडत नसेल तर बस मधोमध सोडवावी. कंट्रोलरकडील निम्मे सेन्सर बोलू लागले, तर दोष पलीकडच्या भागात आहे. मग पलीकडचा भाग पुन्हा निम्मा जोडून पाहावा. आठ सेन्सरमध्ये तीन-चार वेळा असे केल्यास दोषाची जागा सापडते. सर्व सेन्सर एकेक काढत बसण्यापेक्षा हे लवकर होते.

पायरी ६. पत्ता व वेग

बहुतेक सेन्सर कारखान्यातून ‘१’ हाच पत्ता घेऊन येतात. दोन सेन्सर एकाच पत्त्यावर असतील तर हजेरीत दोघे एकदम ‘हजर’ म्हणतात आणि कंट्रोलरला कोणाचेच ऐकू येत नाही. नवीन सेन्सर बसमध्ये घेण्यापूर्वी तो एकटा जोडून त्याला वेगळा पत्ता द्यावा. मॉडबसमध्ये १ ते २४७ पत्ते चालतात. दिलेला पत्ता तेलरंगाने सेन्सरच्या केबलवर व नोंदवहीत लिहावा.

संदेशाचा वेग (उदा. ९६००) आणि पॅरिटी कंट्रोलर व सर्व सेन्सरमध्ये सारखी हवी. एका सेन्सरचा वेग वेगळा असेल तर तो सेन्सर कधीच उत्तर देणार नाही.

पायरी ७. बसची मांडणी

- बस एका ओळीत असावी : कंट्रोलर, पहिला सेन्सर, दुसरा, तिसरा. एका पेटीतून चारी दिशांना लांब फाटे काढू नयेत. फाट्याच्या टोकावरून संदेश परत फिरतो आणि मूळ संदेशात मिसळतो. सेन्सरपर्यंतचा फाटा शक्य तितका आखूड ठेवावा.
- पिळलेल्या जोडीची, शक्यतो जाळी असलेली केबल वापरावी. जाळी फक्त कंट्रोलरच्या बाजूला अर्थिंगला जोडावी.
- मोटरच्या केबलपासून किमान एक फूट अंतर ठेवावे. ओलांडणे भाग असेल तर काटकोनात ओलांडावे.
- सेन्सरला वेगळ्या ठिकाणाहून वीज दिली असेल, तर दोन्ही पुरवठ्यांची ऋण तार जोडलेली असावी.
- वळवाच्या पावसात विजांमुळे केबलमध्ये मोठा झटका येऊ शकतो. उघड्यावरून जाणाऱ्या बसला सर्ज संरक्षक लावावा.

आकडा येतो, पण विचित्र येतो

संदेश पोहोचत असूनही अर्थ चुकीचा लावला जातो, असेही घडते.

- तापमान २८३ दिसते : सेन्सर २८.३ अंश हा आकडा दहापट करून पाठवितो. कंट्रोलरमध्ये दहाने भागावे.
- ६५५३५ दिसते : हा १६ बिटांतील सर्वात मोठा आकडा आहे. ओलावा किंवा तापमान म्हणून तो कधीही खरा नसतो. चूक समजून टाकून द्यावा.
- ओलाव्याच्या जागी तापमान दिसते : नोंदीचा क्रमांक एकाने मागेपुढे झाला आहे. काही माहितीपत्रकांत मोजणी शून्यापासून, तर काहींत एकपासून असते.
- आकडा अनेक तास दशांशापर्यंत तोच राहतो : पॉलिहाऊसमध्ये सकाळ ते दुपार तापमान न बदलणे शक्य नाही. हा जुनाच आकडा आहे.

स्वतः कंट्रोलर तयार करणाऱ्यांसाठी

चाकण, भोसरी परिसरातील कंपन्यांत काम करणारे किंवा आयटीआय झालेले तरुण घरच्या पॉलिहाऊससाठी स्वतः मायक्रोकंट्रोलर बोर्ड तयार करतात. तारा ठीक असूनही संदेश जात नसेल तर पुढील बाबी पाहाव्यात.

- बोलणे व ऐकणे यांतील बदल : आरएस-४८५ च्या चिपला ‘आता पाठव’ आणि ‘आता ऐक’ असे सांगणारी पिन असते. शेवटचे अक्षर पूर्ण जाण्याआधी ती बदलली तर संदेशाची शेपटी तुटते आणि सेन्सर उत्तर देत नाही. खूप उशिरा बदलली तर सेन्सरच्या उत्तराची सुरुवात हुकते. ९६०० वेगाला एक अक्षर जाण्यास सुमारे १ मिलिसेकंद व आठ अक्षरांचा नेहमीचा प्रश्न जाण्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. अंदाजे थांबा ठेवण्याऐवजी ‘शेवटचा बिट गेला’ हे मायक्रोकंट्रोलरकडूनच तपासावे.
- व्होल्टेजची जुळणी : ईएसपी-३२ हा ३.३ व्होल्टवर चालतो. ५ व्होल्टची चिप त्याला थेट जोडू नये, ३.३ व्होल्टची चिप वापरावी.
- शांततेतील स्थिती : कोणीच बोलत नसताना ‘ए’ व ‘बी’मध्ये ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक असावा. तो नसेल तर रिकामी बससुद्धा कचरा अक्षरे दाखविते. एका तारेला पुरवठ्याकडे व दुसरीला ऋणाकडे ओढणारे रोधक कंट्रोलरच्या बाजूला एकाच ठिकाणी लावावेत.
- दोन प्रश्नांतील अंतर : मॉडबसमध्ये दोन संदेशांत किमान साडेतीन अक्षरांएवढी शांतता लागते. काही सेन्सर संथ असतात. उत्तरासाठी अर्धा ते एक सेकंद थांबावे.
- चुकांची मोजणी : प्रत्येक पत्त्यासाठी ‘उत्तर नाही’ आणि ‘तपासणी आकडा जुळला नाही’ हे दोन वेगळे आकडे ठेवावेत. पहिला वाढत असेल तर वीज, तार, पत्ता पाहावा. दुसरा वाढत असेल तर गोंगाट, सैल जोडणी किंवा एकच पत्ता असलेले दोन सेन्सर शोधावेत.

ट्रॅक्टर व गाड्यांमधील कॅन बस

गाड्यांमध्ये आणि नव्या ट्रॅक्टरमध्ये ‘कॅन’ नावाची वेगळी बस असते. बॉश कंपनीने ती १९८६ मध्ये जगापुढे आणली. ट्रॅक्टर व अवजारे यांच्यातील संवादाचे ‘आयसोबस’ हे मानक त्यावरच उभे आहे. तेथेही दोन तारा, दोन्ही टोकांना १२० ओहम आणि मोजल्यावर सुमारे ६० ओहम हेच गणित आहे. फरक एवढाच, की कॅनमध्ये प्रत्येक संदेशाची पोच दुसऱ्या कोणीतरी द्यावी लागते. प्रयोगासाठी टेबलावर एकच बोर्ड जोडला तर पोच न मिळाल्याने तो तोच संदेश सतत पाठवीत राहतो. बोर्ड खराब आहे असे वाटते, पण त्याला फक्त दुसरा सोबती हवा असतो. पाठविताना चुका वाढत जाऊन मोजणी २५५ च्या वर गेली तर बोर्ड स्वतःहून बसमधून बाहेर पडतो. त्याला नुसते पुन्हा सुरू करण्याऐवजी आधी वेग व तारा तपासाव्यात.

संदेश नसेल तेव्हा पाणी कसे द्यावे?

कितीही काळजी घेतली तरी कधीतरी संदेश अडणारच. त्या वेळी पीक सुरक्षित राहील अशी व्यवस्था आधीच करून ठेवावी. कंट्रोलर बसविणाऱ्याकडून पुढील चार गोष्टी करून घ्याव्यात.

- प्रत्येक आकड्यासोबत तो कधी मिळाला ती वेळ स्क्रीनवर दिसावी.
- सलग तीन वेळा उत्तर न आल्यास जुना आकडा रद्द व्हावा, त्या जागी ‘माहिती नाही’ असे दिसावे आणि मोबाइलवर सूचना यावी.
- आकडा रद्द होताच यंत्रणा आपल्या नेहमीच्या वेळापत्रकावर जावी. खत देणे थांबावे, फक्त पाणी सुरू राहावे.
- एका व्हॉल्व्हला दिवसात जास्तीत जास्त किती मिनिटे पाणी द्यायचे ही मर्यादा सेन्सर काहीही सांगत असला तरी ओलांडली जाऊ नये.

ही व्यवस्था चालते की नाही हे पाहण्यासाठी महिन्यातून एकदा, सकाळी स्वतः हजर असताना, एका सेन्सरची तार मुद्दाम सोडावी. ठरलेल्या वेळेत सूचना आली नाही तर ती यंत्रणा अजून भरवशाची झालेली नाही असे समजावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

शेतभेटीला जाताना डिजिटल मल्टीमीटर, १२० ओहमचे दोन रोधक, लहान स्क्रू ड्रायव्हर, तार सोलण्याचा चिमटा, काही लग आणि शक्य असल्यास आरएस-४८५ ते यूएसबी जोडणी सोबत ठेवावी. या जोडणीने लॅपटॉपवरून सेन्सरला थेट विचारता येते. सेन्सर लॅपटॉपला उत्तर देतो आणि कंट्रोलरला देत नाही, असे आढळले तर नवीन सेन्सरचा खर्च तेथेच वाचतो.

प्रत्येक पॉलिहाऊससाठी एक पान ठेवण्यास सांगावे : बसचा कच्चा नकाशा, सेन्सरचे पत्ते, वेग, शेवटच्या सेन्सरजवळचे व्होल्टेज, ‘ए’-‘बी’मधील रोध आणि तारीख. हे पान कंट्रोलरच्या पेटीच्या दारावर आतून चिकटवावे. दोष आल्यावर पहिला प्रश्न ‘काय बदलले?’ हा असतो, आणि त्याचे उत्तर या पानावर मिळते.

तोपर्यंत बेडमध्ये बोटभर माती उकरून, मुठीत दाबून वाफसा पाहण्याची सवय सोडू नये. सेन्सर आणि मूठ यांचे म्हणणे जुळत नसेल, तर आधी मुठीवर विश्वास ठेवावा आणि मग पायरी एकपासून तपासणी सुरू करावी.